हेझलच्या काठ्या आणि दादाचा बायपॉड

त्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात, बॉयलरच्या वर, हेझल नावाच्या झुडपाच्या दोन काठ्या वाळत टांगलेल्या होत्या. आईचा त्यांच्यावर राग होता. कुकर उतरवायला ती वळली की एक तरी काठी तिच्या डोक्याला लागायची आणि मग ती ठरलेलं वाक्य म्हणायची, "लोकांच्या मुली बॉयलरवर कपडे वाळत घालतात." माझं उत्तरही ठरलेलं होतं. "कपडे एका दिवसात वाळतात. काठीला तीन महिने लागतात." ओली काठी आधी सरळ दिसते आणि मग वाकते, हे मला दोन काठ्या फुकट घालवल्यावर कळलं होतं. या दोन मी स्वतः कुंपणातून निवडून कापल्या होत्या, माझ्या हनुवटीइतक्या उंच, अंगठ्याएवढ्या जाड. वाळल्यावर त्या वरच्या टोकापाशी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने एकमेकींना बांधायच्या आणि खाली पाय फाकवायचे, की वर एक खोबण तयार होते. त्या खोबणीत रायफल टेकवायची. मी अठरा वर्षांची होते, आणि कोल्हा मारताना रायफल कशावर टेकवावी याखेरीज माझ्या डोक्यात दुसरा विषय नव्हता.

आमचं घर मँचेस्टरच्या उत्तरेला, बसने तासभर लांब, डोंगरउतारावरच्या एका ओल्या, काळपट गावात होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डचे डॉक्टर होते. इथल्या डॉक्टरांना नको असलेलं काम आपल्याला मिळालं आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते कधी बोलले नाहीत. न बोलणं हीच त्यांची या देशात राहायची रीत होती. कागदावर नाव येऊ नये, आलं तर नीट अक्षरात यावं, आणि कोणी काही विचारलं तर कमीत कमी सांगावं. चिपळूण सोडलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. रोज एक पान मराठी लिहून दाखवल्याशिवाय अप्पा मला टीव्ही लावू द्यायचे नाहीत, म्हणून आज हे लिहिता तरी येतं आहे. घराच्या मागच्या दारापासूनच मेंढ्यांची कुरणं सुरू व्हायची. अंधार पडला की मेंढ्या खोकायच्या, अगदी माणसासारख्या, आणि अप्पा पेपर खाली न करता म्हणायचे, "माझे पेशंट घरापर्यंत आले." खिडकीच्या फटीतून वारा अशी शीळ घालायचा की ती वाऱ्याची की कुकरची हे आईला कळायचं नाही, म्हणून ती डाळ शिजेपर्यंत कुकरसमोर स्टूल टाकून बसायची. महिन्यातून एकदा मँचेस्टरहून बाजरीचं पीठ यायचं. ते कडू निघालं की आई दोन दिवस कोणाशी बोलायची नाही.

ती कुरणं हॅरॉल्डची. त्याची आई अप्पांच्या वॉर्डात वारली. शेवटच्या दिवशी ड्यूटी संपल्यावरही अप्पा तिच्याजवळ बसून राहिले होते. पंधरा दिवसांनी हॅरॉल्ड खांद्यावर अर्धी मेंढी टाकून मागच्या दाराशी आला आणि ती त्याने आमच्या टेबलावर ठेवली. आईने सुक्या खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला आणि त्यालाच जेवायला बसवलं. तो घामाघूम होऊन जेवला आणि नाक पुसत म्हणाला, "डॉक्टर, हे खाऊन तुम्हाला आमच्याकडे थंडी वाजतेच कशी?" त्या दिवसापासून दर शनिवारी मी त्याच्या फार्मवर जाऊ लागले. पंधराव्या वर्षी मी अडलेल्या मेंढीच्या पोटातून कोकरू फिरवून बाहेर काढलं. सोळाव्या वर्षी हॅरॉल्डने मला रायफल शिकवली, कारण संधिवाताने त्याची बोटं अशी वाकडी झाली होती की त्याला चहाचा मग दोन्ही हातांनी धरावा लागायचा. पुढे पोलिसांचा माणूस घरी येऊन चौकशी करून गेला आणि हॅरॉल्डच्या रायफलीचा परवाना माझ्याही नावावर झाला. तो आला तेव्हा अप्पा सूट घालून बसले होते.

शाळा संपल्यावर मी घरात सांगितलं की मला फार्मवरच राहायचं आहे. आईने हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकली. मोठा भाऊ मिलिंद, ज्याला मी दादा म्हणते, मँचेस्टरला डॉक्टरकी शिकत होता आणि त्याला सर्जन व्हायचं होतं. बहीण मेंढ्या राखणार, हे कोणाला कसं सांगायचं? अप्पांनी दोन दिवस विचार केला आणि अट घातली. एक हंगाम. मेंढ्या विण्याचा हंगाम संपेपर्यंत हॅरॉल्डने मला कायमचं ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर ब्रॅकनेलला बापूमामाकडे जायचं आणि कम्प्युटरचा कोर्स करायचा. मी लगेच हॅरॉल्डला गाठलं. तोही कच्चा नव्हता. "लास," तो मला लासच म्हणायचा, म्हणजे पोरी, "वरच्या कुरणात एक कोल्ही लागली आहे. गेल्या साली तिने माझी दहा कोकरं नेली. ती तू थांबव, मागची खोली आणि काम तुझं. नाही जमलं तर माझा पुतण्या कीथ यायला तयारच आहे." म्हणजे माझं सगळं आयुष्य एका जनावरावर आणि एका गोळीवर येऊन थांबलं होतं, आणि ती गोळी सुटताना माझे हात हलू नयेत एवढाच प्रश्न होता.

आज साठी उलटल्यावर दुकानात जाऊन पाहिलं तर हजार प्रकार दिसतात. कार्बनच्या तिपाया, चार पायांचे स्टँड, एका बोटाने उंची बदलणारे. मी मेडनहेडच्या एका दुकानात नुसती बघायला गेले होते आणि विक्रेत्याने मला, पांढऱ्या केसांच्या साडीतल्या बाईला, छत्र्या कुठे आहेत ते दाखवलं. मी त्याला तिथेच पंधरा मिनिटं झाडलं. माझा स्वभाव असाच आहे. कंपन्यांची जुनी टेबलं आणि मशीन विकत घेऊन विकण्यात माझा जन्म गेला. समोरचा आपल्याला कमी लेखतो आहे हे कळलं की माझं डोकं फिरतं आणि भावही चढतो. त्या काळी निवडायला तीनच गोष्टी होत्या. एक, काठ्या. दोन, मिळेल ते, म्हणजे फाटकाचा खांब नाहीतर भिंत, वर घडी केलेलं पोतं. आणि तीन, बायपॉड, म्हणजे नळीखाली कायमचे बसवलेले दोन लोखंडी पाय, ज्यावर झोपून नेम धरायचा. मी हे सगळं त्या कुरणात चालून, बसून, चिखलात लोळून ठरवलं होतं. वरच्या कुरणात गुडघाभर लव्हाळा होता. झोपलं की डोळ्यांसमोर गवताशिवाय काही नाही. शिवाय झोपून मारलेली गोळी जमिनीला समांतर जाते, चुकली तर कुठे जाईल सांगता येत नाही. काठ्यांवर रायफल टेकवून उभं राहिलं की नेम खाली लागतो, गोळी चुकली तरी मातीत शिरते. आणि कोल्ही येणार कुठून हे ती मला कळवणार नव्हती. काठ्या उचलून दोन पावलं फिरता येतं. हात बायपॉडइतका स्थिर राहत नाही, हे खरं. त्यासाठी मी रोज संध्याकाळी काठ्यांवर रिकामी रायफल ठेवून श्वास सोडायचा आणि चाप दाबायचा सराव करत होते, दंड भरून येईपर्यंत.

ईस्टरच्या सुट्टीला दादा घरी आला तो बायपॉड घेऊनच. त्याच्या एका मित्राकडून त्याने तो जुना घेतला होता, माझ्यासाठी. हे मी मान्य केलं पाहिजे, माझ्यासाठीच. त्याने तो वर्तमानपत्रातून सोडवून जेवणाच्या टेबलावर उभा केला. लोणच्याच्या बरणीशेजारी ते काळे दोन पाय.

"शैलू, फेकून दे त्या काठ्या," तो म्हणाला. "गुराखी दिसतेस."

"आहेच मी गुराखी."

"अगं, स्प्रिंगचे पाय आहेत. उंची कमीजास्त होते. सगळ्यात खाली ठेवलास की खडकासारखी बसते रायफल."

"आणि लव्हाळ्यात? तुझा मित्र कुठे मारतो कोल्हे, गालिच्यावर?"

अप्पा हसले. मग दादाकडे वळून म्हणाले, "टेस्ट करून बघा ना. वाद कशाला?"

रविवारी हॅरॉल्डच्या अंगणात टेस्ट झाली. त्यासाठी आईसुद्धा आली, शाल आणि वर कोट घालून, डब्यात साबुदाणा वडे घेऊन. शंभर पावलांवर कागद लावला. सिमेंटच्या ओट्यावर झोपून बायपॉडवरून दादाने पाच गोळ्या मारल्या. त्याच्याकडे परवाना नव्हता, पण हॅरॉल्ड शेजारी उभा होता आणि कोणी काही बोललं नाही. पाचही गोळ्या चहाच्या कपाने झाकता येतील एवढ्या जागेत होत्या. मग मी काठ्यांवर उभी राहिले. माझ्या पाच गोळ्या बशीने झाकाव्या लागल्या असत्या. वारा होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला राग आलेला होता. रागावलेल्या माणसाचं हृदय रायफलीत ऐकू येतं.

"झालं," दादा म्हणाला.

"काय झालं? कागद चालतो का? कागद लव्हाळ्यातून येतो का? ओट्यावर मारून दाखवलंस, कुरणात ओटा आहे का?"

"शैला, आवाज," अप्पा म्हणाले. मग हॅरॉल्डकडे वळून इंग्रजीत, हलक्या आवाजात म्हणाले, "मला यातलं कळत नाही. पण मिलिंदचा हात स्थिर आहे, आणि आकडे समोर आहेत."

हॅरॉल्डने टोपी मागे सरकवली. कुरण त्याचं होतं, तीस वर्षं तो काठ्याच वापरत आला होता, मला काठ्या त्यानेच शिकवल्या होत्या. पण त्याच्या आईचा हात धरून बसलेला डॉक्टर समोर उभा होता. "डॉक्टर म्हणतात ते बरोबर असेल," तो म्हणाला. "बायपॉड वापर, लास."

मी तिथेच सौदा केला. ओरडून नाही, आवाज खाली आणून, जसा मी पुढे आयुष्यभर आणत आले. "ठीक आहे. मला मंगळवार ते रविवार द्या. मंगळवारी बायपॉड. गोळी चुकली तर बायपॉड संपला, उरलेले दिवस काठ्या, आणि मग कोणी एक अक्षर बोलायचं नाही. अप्पांनीही नाही." हॅरॉल्ड हसला आणि त्याने वाकड्या बोटांचा हात पुढे केला. दादा म्हणाला, "मंगळवारी मीही येणार, तू मुद्दाम चुकवशील." सगळे हसले. वडे संपले. मीही हसले, कारण सौदा माझ्या बाजूने पडला होता. एक चुकलेली गोळी आता मला परवडणार होती. नीट पाहिलं तर ती मला हवीच होती.

मंगळवारी आम्ही उजाडायच्या आधी निघालो. आईने दोघांना दुधात कालवलेली भाकरी खायला लावली होती, ती पोटात गोळ्यासारखी बसली होती. जमीन गोठलेली, लव्हाळ्याच्या टोकांना दहिवर. वरच्या कुरणाच्या कडेला नुसते दगड रचून केलेली भिंत आहे, आमच्या चिपळूणकडच्या गडग्यासारखी, फक्त इथे माथ्यावर उभ्या दगडांची ओळ लावतात. भिंतीच्या अलीकडे चार पावलांवर गवताचा उंचवटा होता. "इथून भिंतीवरून पलीकडचं सगळं दिसतं," दादा म्हणाला. रायफल त्यानेच वर वाहून आणली होती, त्यानेच ती मांडली. पाय सगळ्यात खालच्या खाचेत बसवले आणि दाबून पाहिले. मी तिच्यामागे झोपले. तो माझ्या डाव्या हाताला, दुर्बीण लावून.

रायफलीची एक गोष्ट, जी प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, ती इथे सांगितली पाहिजे. स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेमाची दुर्बीण, नळीच्या दोन बोटं वर असतो. डोळा स्कोपमधून बघतो, गोळी नळीतून जाते. म्हणजे स्कोपला जो अडथळा दिसत नाही तो नळीच्या समोर असू शकतो. फाटकाच्या दांडीवरून, गाडीच्या बॉनेटवरून, गडग्यावरून नेम धरताना आधी डोकं बाजूला करून नळी कुठे बघते आहे ते पाहायचं. हॅरॉल्डने हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ते झोपेतही केलं असतं.

मी ते केलं. कोल्ही आली तेव्हा पूर्वेकडे नुसता राखाडी उजेड होता. लव्हाळ्याच्या कडेने, डोकं खाली, व्यालेल्या मेंढ्यांच्या वारेचा वास घेत. सडपातळ, पोटाखाली आचळं ओघळलेली, म्हणजे कुठेतरी तिची पिल्लं होती. स्कोपमध्ये ती स्वच्छ दिसत होती. मी डोकं थोडं बाजूला केलं. नळीच्या समोर, चार पावलांवर, भिंतीच्या माथ्यावरचा एक दगड होता. त्याच्यावर पिवळसर शेवाळाचा डाग होता. नळी त्या डागाकडे बघत होती.

चाळीस वर्षं मी सांगत आले आहे की माझ्या भावाच्या बायपॉडपायी माझं शेत गेलं. नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, बापूमामांना तर इतक्या वेळा की ते उठून जायचे. पाय एका खाचेने वर केले असते तर नळी दगडावरून गेली असती. "दादा, पाय वाढव," एवढंच म्हणायचं होतं, कुजबुजून, कोल्हीला ऐकू गेलं नसतं. मी म्हणाले नाही. मला वाटलं, लागू दे दगडाला. मोठा आवाज होईल, कोल्ही पळेल, दादाचा बायपॉड सगळ्यांसमोर खोटा पडेल, आणि बुधवारपासून काठ्या. मी एवढाच विचार केला. दगडावर आपटलेल्या गोळीचं पुढे काय होतं हा विचार मी केला नाही. खरं तर मला ते माहीत होतं. फक्त त्या क्षणी मला जिंकायचं होतं.

"आता," दादा म्हणाला, आणि नुसत्या डोळ्यांनी बघायला त्याने दुर्बीण खाली केली. मी चाप दाबला.

दगडाचे आणि शिशाचे तुकडे मागे आले. माझा चेहरा रायफलीच्या आडोशाला होता, मला कपाळावर एक ओरखडा आला. दादा ओरडला नाही. त्याने उजवा हात डोळ्यावर ठेवला आणि शांतपणे, डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "शैलू, चोळू देऊ नकोस मला. माझे हात धर." मी त्याचे दोन्ही हात मागे धरून त्याला उतारावरून खाली आणलं. त्याच्या बोटांमधून जे येत होतं ते नुसतं रक्त नव्हतं. हॅरॉल्डने गाडी काढली. तो रस्ताभर एकच गोष्ट म्हणत होता, "नळी बघितली नाहीस, लास? नळी बघितली नाहीस?" मी दादाचे हात धरून ठेवले.

मँचेस्टरच्या हॉस्पिटलात दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की उजवा डोळा वाचणार नाही. आई बाकावर बसली होती. तिने घरून निघताना कुकरखालचा गॅस बंद केला होता की नाही हे ती सारखं विचारत होती. अप्पा मला खाली कँटीनमध्ये घेऊन गेले. दोन चहा घेतले, दोन्ही माझ्यासमोर ठेवले. आणि मग मराठीत, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं, म्हणाले, "पोलिसांचा माणूस येतो आहे. तो विचारेल, रायफल कोणी नेली, कोणी मांडली. परवाना तुझा आहे. मिलिंदचा नाही."

"त्याने नेली. त्याने मांडली."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"शैला, त्याचं शेवटचं वर्ष आहे. डोळा गेला, सर्जनकी गेली. हे प्रकरण कॉलेजात गेलं तर डॉक्टरकीही जाईल. आपल्या माणसाला इथे दुसरी संधी देत नाहीत. सांग की तू नेलीस, तू मांडलीस. तो नुसता बघायला आला होता."

मी उठून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरची नर्स वळून बघू लागली. "म्हणजे परवाना माझा जाणार. परवाना गेला की हॅरॉल्डला माझा उपयोग काय? कीथ येणार. बायपॉड तुमचा, निर्णय तुमचा, आकडे तुमचे, आणि शेत माझं जाणार?"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू!"

त्यांनी मान खाली घातली. माझे वडील, जे म्हाताऱ्या गोऱ्यांनी थुंकलं तरी मान खाली घालत नसत. मला तेव्हा सांगता आलं असतं. अप्पा, चूक माझीच आहे, दगड मला दिसला होता. अप्पा जी चूक माझ्या नावावर घ्यायला सांगत होते ती आधीच माझी होती. माझ्या तोंडाशी ते शब्द आले होते. पण समोर मान खाली घातलेला माणूस होता, आणि माझ्यातला सौदा करणारा माणूस त्याच क्षणी जागा झाला. मी बसले, चहा ओढून घेतला आणि माझ्या अटी सांगितल्या. ब्रॅकनेलला जाईन, पण कोर्स करणार नाही, जे करायचं ते मी ठरवीन. लग्नाचा विषय मी काढेपर्यंत घरात कोणी काढायचा नाही. आणि तिसरी अट, मी त्याच्यासाठी काय करते आहे ते दादाला कळलं पाहिजे. "तुम्ही स्वतः सांगायचं. आज."

अप्पांनी तिन्ही अटी मान्य केल्या. ते माझ्याशी घासाघीस करू शकले असते. त्यांनी केली नाही.

पोलिसांच्या माणसाने सभ्यपणे सगळं लिहून घेतलं. मी नेली, मी मांडली, पाय मी बसवले, दगड दिसला नाही. यातलं एकच वाक्य माझं स्वतःचं होतं, शेवटचं. खाली नाव नीट अक्षरात लिहिलं. परवाना गेला. हॅरॉल्ड आमच्या घरी आला, दारातच उभा राहिला, आईने बस म्हटलं तरी बसला नाही. "तू चांगली आहेस, लास, पण नळी न बघणारं माणूस मी कुरणात सोडू शकत नाही," तो म्हणाला. मी त्याच्यावरही ओरडले. पुढच्याच आठवड्यात कीथने कोल्ही मारली. फाटकाच्या खांबावर कोटाची घडी ठेवून, पहिल्या गोळीत. पिल्लांचं काय झालं मी विचारलं नाही.

दादा मनोविकारांचा डॉक्टर झाला. चांगला झाला, असं लोक म्हणतात. मागच्या वर्षी तो निवृत्त झाला तेव्हा मँचेस्टरला जेवण होतं. ट्रामच्या स्टॉपजवळच्या एका हॉलमध्ये, शंभरेक माणसं, त्याच्या मुली, माझी मुलं. तो माइक घेऊन म्हणाला की मी आज डॉक्टर आहे तो माझ्या बहिणीमुळे, तिने माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि स्वतःचं स्वप्न सोडलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्याची धाकटी मुलगी रडत माझ्या गळ्यात पडली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आत्या, तुझा हृदय खूप मोठी आहे." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिथून परतल्यावर मी लिहायला बसले. अप्पा आणि आई आता नाहीत. दादा आहे, आणि त्याला मराठी वाचता येतं.

डोळा गेला त्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलवाल्यांनी मला दादाला भेटू दिलं. अप्पा आधी आत जाऊन आले होते, शब्दाला जागून. खोलीत औषधांचा आणि उकडलेल्या कोबीचा वास होता. त्याचं अर्धं डोकं पट्टीत होतं. त्याने उरलेला डोळा माझ्याकडे वळवला आणि माझा हात शोधला.

"अप्पांनी सांगितलं," तो म्हणाला. "पाय मी खाली ठेवले होते, शैलू. चूक माझी होती. तू तिथे झोपलीस, तुला समोरचं काय दिसणार? आणि तरी तू ते स्वतःच्या नावावर घेतलंस. मी हे मरेपर्यंत विसरणार नाही."

त्याची बोटं थंड होती, मी ती माझ्या दोन्ही हातांत घेतली.

"विसरू नकोस," मी म्हणाले.